ती बोलली की मी

माझा धंदा सरकीच्या ढेपेचा आहे. सरकीतून तेल काढल्यावर जे उरतं ती ढेप, गुरांचं खाद्य. अकोल्यात हातगाडीवर पोती लोटत सुरुवात केली, आज स्वतःचं गोदाम आहे. तेल्हाऱ्यापासून परतवाड्यापर्यंतचे दूधवाले मला ओळखतात आणि बहुतेक जण आधी दुसरीकडे भाव विचारून मगच माझ्याकडे येतात. मी भावात चिवट आहे आणि डोक्याने गरम. परतवाड्याचा एक गवळी एकदा तोंडावर म्हणाला होता, "शेटजी, तुमच्याशी सौदा करन्यापरीस म्हशीशी टक्कर घेतलेली बरी, ते निदान दमते तरी." त्या दिवशी मी त्याला ढेप दिली नाही.

घासाघीस म्हणजे कंजुषी असं लोकांना वाटतं. तसं नसतं. माणूस ज्या वस्तूसाठी घासाघीस करतो ती त्याला हवी असते. नको असलेल्या मालाचा भाव कोणी पाडत नाही. "असू द्या" म्हणतो आणि पुढे जातो. माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं बिनसलं ते यावरूनच.

आम्ही मूळचे अमरावतीचे. आई गेल्यावर वाटणीची बोलणी झाली तेव्हा दादा अमरावतीतच सरकारी नोकरीत होता आणि त्याच घरात राहत होता. मी म्हटलं, घरातला माझा हिस्सा मी सोडतो, मला आईच्या महालक्ष्म्या दे. दोन पितळी मुखवटे, थोरली आणि धाकटी. भाद्रपदात तीन दिवस आमच्या घरी त्या उभ्या राहत. रीतीप्रमाणे महालक्ष्म्या थोरल्या भावाकडे राहतात. त्यामुळे दादा नाही म्हणेल, रागावेल, आईचं नाव काढेल, असं धरून मी सगळी उत्तरं तयार करून गेलो होतो. दादाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "घेऊन जा."

बस, एवढंच.

मुखवटे मांडीवर घेऊन मी अकोल्याच्या बसमध्ये बसलो आणि मूर्तिजापूर येईपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं. हवं ते मिळालं होतं आणि तरी फसवल्यासारखं वाटत होतं. त्याला त्यांची किंमत नव्हती, की माझी? त्यानंतर दादा एकदाही आमच्याकडे महालक्ष्मीच्या जेवणाला आला नाही. वहिनी दर वर्षी एकट्या एसटीने यायच्या, जेवायच्या, पुरणात वेलची कमी आहे असं सांगायच्या आणि परत जायच्या. मी दादाचं कधी विचारलं नाही. त्या कधी बोलल्या नाहीत.

हे सगळं गेल्या वर्षी हललं, कारण माझी बायको अंगणातल्या शेवाळावरून घसरली आणि तिचा पाय मोडला. प्लास्टर गुडघ्यापर्यंत. महालक्ष्म्या चार दिवसांवर आलेल्या.

आमच्याकडे महालक्ष्मी नुसती बसवत नाहीत, तिला घरात आणतात. घरची सवाष्ण सुपात दोन्ही मुखवटे घेऊन तुळशीपासून निघते. आतली बाई विचारते, कोण आली? आणणारी सांगते, महालक्ष्मी आली. मग तिला सगळं घर दाखवतात, प्रत्येक दारात थांबून विचारतात आणि प्रत्येक वेळी आणणारी बाई तिच्या वतीने उत्तर देते. त्या वेळी बोललेला शब्द मोडायचा नाही, अशी आमच्या घरची रीत. पुरुषांचं काम ताट वाजवण्याचं. इतकी वर्षं मी चमच्याने ताट बडवलं आणि बायको काय बोलते याकडे कधी कान दिला नाही.

आता आणायचं कोणी? मुलगी नागपूरला, तिच्या सासरीही महालक्ष्म्या. गल्लीतल्या बायकांना विचारलं तर त्या माझ्या तोंडाकडे पाहायला लागल्या. बरोबरच होतं. ज्या वेळी आमच्याकडे महालक्ष्मी येते त्याच वेळी त्यांच्याकडेही येते. त्या दिवशी अख्ख्या वऱ्हाडात एक सवाष्ण उसनी मिळत नाही.

ज्यांच्या घरी महालक्ष्म्या नाहीत अशी आमच्या नात्यात एकच सवाष्ण होती. वहिनी. आणि त्यांच्याकडे महालक्ष्म्या का नाहीत ते मला चांगलंच माहीत होतं.

बायकोने त्यांना फोन केला. थोड्या वेळाने फोन माझ्या हातात आला, पलीकडे दादा.

"इतल्या लांब तिले कायले बोलावतं?" तो म्हणाला. "या साली इकडेच बसवू. मी गाडी घेऊन येतो न्यायले."

"येऊन तर पाहा," मी म्हटलं आणि फोन कापला.

बायको पलंगावरून पाहत होती. "काहून भडकता? बरोबर तर बोलून राहिले ते."

"एकदा तिकडे बसल्या की तिकडच्याच होतील."

"मंग आनन कोन? ढेपीचं पोतं आनन?"

"मी आणतो," मी म्हटलं.

ती इतकी हसली की पाय दुखला म्हणून रडली, आणि रडता रडता परत हसली. "मिशा घेऊन? महालक्ष्मी दारातूनच परत जाईन बाप्पा!"

खरं सांगायचं तर मी ते रागात बोललो होतो. पण बोलून झाल्यावर मला त्याची उत्सुकता वाटायला लागली. आदल्या नवरात्रात गल्लीच्या मंडपात एक प्रवचनकार आले होते. देवी बाहेर शोधू नका, ती प्रत्येकात बसलेली आहे, बाईत आहे तशी पुरुषातही आहे, असं ते सांगत होते. मी उठून विचारलं होतं, "माझ्यात कुठे आहे?" ते म्हणाले, "शोधा." मला ते पटलं नव्हतं. आहे आहे म्हणायचं आणि माल दाखवायचा नाही, असा व्यापारी माझ्याकडे आला तर मी त्याला गोदामाची पायरी चढू देणार नाही. पण प्रश्न डोक्यात राहिला होता. शिवाय दुसरी एक गोष्ट मला नेहमी खटकायची. बायका रागावल्या की लोक म्हणतात, अंगात देवी आली. मी रागावलो की म्हणतात, डोकं फिरलं. राग तोच. मग एकाच्या रागाला देवी आणि दुसऱ्याच्या रागाला वेड, हा भाव ठरवला कोणी?

गुरुजींना फोन लावला. ते स्वतः दहा घरांच्या गडबडीत होते. "शास्त्रात पुरुषाने आणू नये असं नाही," ते म्हणाले, "आणावं असंही नाही. भाव शुद्ध पाहिजे." भाव शुद्ध पाहिजे, हे वाक्य मी धंद्यात इतक्या वेळा ऐकलं आहे की पुढे काही विचारलं नाही.

महालक्ष्मीच्या दिवशी दुपारी बायकोने प्लास्टिकची खुर्ची घराच्या मधोमध मांडायला लावली, जिथून स्वयंपाकघर, कपाटाची खोली आणि पुढचं दार तिन्ही दिसतात. पाय स्टुलावर. लोखंडी उभे सांगाडे मी सकाळीच तिच्या हुकुमाने सजवले होते: पोटात गहू भरले, साड्या नेसवल्या. निऱ्या चार वेळा सुटल्या. "तुमी सुतळीनं पोतं शिवता ना, मंग नीट गाठ काहून नाई पडत?" असं तिचं चाललं होतं. माझ्या डोक्यावर तिने तिचा लाल शेला घातला, कारण आणणारीचं डोकं उघडं चालत नाही.

तुळशीपाशी मी सूप उचललं. दोन्ही मुखवटे पुसून लख्ख केलेले, नाकात नथ, कपाळाला कुंकू. मी निघालो. दारात पोचतो तोच आतून ओरड आली.

"अहो! तोंड इकडे करा तिचं!"

मी मुखवटे माझ्याकडे तोंड करून धरले होते. मला त्यांचे डोळे दिसत होते, नथीचे मोती दिसत होते. मला वाटलं असंच धरायचं असतं. चालताना मी त्यांच्याकडे पाहत होतो आणि त्या माझ्याकडे.

"तिले घर दाखवाचं आहे," बायको म्हणाली, "तुमची छाती नाई!"

मी सूप फिरवलं. आता मला मुखवट्यांच्या मागची पोकळ बाजू दिसायला लागली. आतून ते काळे होते, खडबडीत, आणि मागून पाहिलं की कोणाचाही चेहरा त्यात बसेल असे. आपण मागून पाहतो आहोत, म्हणजे ती ज्या बाजूने पाहते त्याच बाजूने आपणही पाहतो आहोत, हे माझ्या लक्षात आलं. मला माझंच घर समोर दिसत होतं. भिंतीवर ओल होती. ती मला आधी कधी दिसली नव्हती.

तेवढ्यात मागे गाडी थांबल्याचा आवाज आला. फाटक वाजलं. बोलण्यावरून ओळखलं, दादा आणि वहिनी. मला वळता येईना; सूप घेऊन निघालं की मागे फिरायचं नाही, एवढं मला ठाऊक होतं. माझ्या पाठीत राग चढायला लागला. हा माणूस इतक्या वर्षांत जेवायला आला नाही आणि आज न्यायला आला. मी काही बोलणार होतो, तोच वहिनी बाजूच्या दाराने आत शिरल्या, बायकोच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि माझ्या डोक्यावरचा शेला पाहून तोंडाला पदर लावला.

"ताट कोन वाजवते?" बायकोने विचारलं.

कोणीच नव्हतं. मग माझ्या मागे ठण्ण झालं. दादाने ओट्यावरचं ताट उचललं होतं.

"कोन आली?" बायको म्हणाली.

"महालक्ष्मी आली," मी म्हटलं. आवाज घोगरा निघाला. वहिनींचा पदर हलला.

"कशाच्या पावलानं आली?"

"हळदीकुंकवाच्या पावलाने."

इथपर्यंत मला पाठ होतं. उंबरठा ओलांडला. स्वयंपाकघराच्या दारात तिने विचारलं, "इथं काय पायलं?" मी अन्न पाहिलं, असं म्हटलं. कपाटाच्या खोलीपाशी, "इथं काय पायलं?" धन पाहिलं. दादा मागून ताट वाजवत येत होता, पावलामागे पाऊल, आमच्या लहानपणी बाबा वाजवायचे तसं सावकाश.

शेवटी सांगाड्यांसमोर मी थांबलो. आता एकच प्रश्न उरला होता आणि त्याचं उत्तरही मला ठाऊक होतं. तिथे घरच्या पुरुषाचं नाव घ्यायचं. माझी बायको दर वर्षी माझं नाव घ्यायची. म्हणजे मला माझंच नाव घ्यायचं होतं.

"कोनाच्या घरी आली?" बायकोने विचारलं.

"दोघा भावांच्या घरी," मी म्हटलं.

ताट थांबलं.

मी स्वतः थबकलो. चाळीस वर्षं मी बोलून खातो आहे. तोंडातून एक शब्द फुकट जाऊ देत नाही. समोरच्याने भाव बोलावा म्हणून मी अर्धा अर्धा तास गप्प बसलेलो आहे. आणि हे वाक्य कोणी मागितलं नव्हतं, मी ठरवलं नव्हतं, आणि ते माझ्या आवाजात घरात सांडलं होतं. नंतर मी पुष्कळ आठवून पाहिलं, हे लहानपणी कुठे ऐकलं होतं का. आई तर बाबांचं नाव घ्यायची. मला ते कुठेच सापडलं नाही.

वहिनींनी माझ्या हातातून सूप घेतलं नाही. मीच थोरली आधी आणि मग धाकटी अशी सांगाड्यावर चढवली. ते दोघं मुक्कामाला राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात सोळा भाज्या चिरणं चाललं होतं. वहिनी विळीवर, बायको खुर्चीत बसून मेथी निवडत. दादा बाहेर पेपर वाचत होता. मी उगाच आतबाहेर करत होतो. शेवटी बायकोला विचारलं, "तू इतकी सालं उत्तरं देत होती. तेव्हा तुला काय वाटायचं?"

"काय वाटन?"

"म्हणजे, कोण बोलते असं वाटायचं? तू का ती?"

तिने मेथीची जुडी खाली ठेवली. हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता, हे तिच्या तोंडावर दिसलं. "तुळशीपासून तर तिथपर्यंत मी नसतेच," ती म्हणाली. "म्हंजे असते, पन भाजी करनारी, तुमच्या शिव्या खानारी, थे नसते. तेवढ्यापुरती थेच मी राहते. मंग सूप खाली ठेवलं का आली परत आपल्या जागेवर."

"आणि मला कधी सांगितलं नाहीस?"

"तुमी ताट वाजवत होते ना! आयकू आलं असतं का?"

वहिनी विळीवरून मान वर न करता म्हणाल्या, "बाप्यांले वाटते का देवी मखरात असते."

मी बाहेर आलो. इतकी वर्षं दर भाद्रपदात माझ्यासमोरून ती चालत गेली होती, आणि मी चमचा बडवत होतो. मला प्रवचनकारांचा राग आला. त्यांनी माल दाखवला असता तर बरं झालं असतं. माल माझ्याच घरात होता.

खरी गंमत जेवणानंतर झाली. पुरण, कढी, आंबील, सगळं झालं. दादा माझ्या घरी पहिल्यांदा महालक्ष्मीच्या पंगतीला बसला आणि त्याने दोनदा कढी मागितली. सुपारी तोंडात टाकत तो म्हणाला, "मंग ठरलं तर. दोघा भावांच्या घरी. पुढच्या साली आमच्याकडे."

"ते मी सहज बोललो," मी म्हटलं.

"सहज?" वहिनी पानावरून उठता उठता थांबल्या. "कोन बोललं?"

"मी."

"तुमी बोलले?" त्यांनी पदर खोचला. मी वऱ्हाडातल्या सगळ्या बाजारांत बसलो आहे, पण असा खोचलेला पदर पाहिला की समोरचा माणूस तयारीने आला आहे हे मला कळतं. "मंग भाऊजी, महालक्ष्मी आलीच नाई म्हना. सुपात नुसतं पितळ आलं. आना इकडे, अमरावतीले नेऊन मी नव्यानं आनते घरात."

"असं कसं? आली ना महालक्ष्मी."

"आली? मंग थेच बोलली. अन् तिचा शब्द मोडत नाई."

मी बायकोकडे पाहिलं. ती माझी बायको आहे, माझी बाजू घेईल असं मला वाटलं. ती म्हणाली, "बाई बरोबर बोलून राहिल्या."

मी पुष्कळ सौद्यांतून वाट काढली आहे. पण इथे दोन्ही दारं एकाच खोलीत उघडत होती. मी बोललो म्हणावं तर मुखवटे अमरावतीला जातात, आणि ती बोलली म्हणावं तरी जातात. राग इतका आला की कानशिलं तापली. मी मोठ्याने ओरडलो, "मला माझ्याच घरात फसवता!"

"आली अंगात," दादा म्हणाला.

बायका हसल्या. आणि मीही, रागात असताना, हसलो. हे माझ्या बाबतीत फार कमी वेळा झालेलं आहे.

मग मी बसलो आणि खरंच विचार केला. हा विचार सौद्याचा नव्हता. ते वाक्य बोलताना मी कुठे होतो? मला आठवत होतं ते एवढंच: मुखवट्याची आतली काळी बाजू, समोरची ओल, मागे दादाचं ताट. त्या क्षणी मी दादावर चिडलेला होतो, आणि तरी ते वाक्य रागातून आलं नव्हतं. ज्या माणसाला भांडायचं असतं तो असं बोलत नाही. म्हणजे माझ्या आत आणखी कोणीतरी होतं ज्याला भांडायचं नव्हतं, आणि मला ते या वयापर्यंत ठाऊक नव्हतं. ती बाई होती का, ते मला सांगता येत नाही. पण तो मी नव्हतो. एवढं मी गंगाजळी उचलून सांगू शकतो.

"ती बोलली," मी म्हटलं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वहिनी पानं उचलायला लागल्या. बायकोने शेल्याचा कोपरा घेऊन डोळे पुसले आणि मी पाहतो आहे हे पाहून म्हणाली, "मिरच्या चिरल्या मी सकाळी."

"पण ती एवढंच बोलली, दोघा भावांच्या घरी," मी पुढे म्हटलं. "कधी कोणाकडे, किती सालं, हे काही बोलली नाही. ते आता आपण बोलायचं."

दादाने खुर्ची माझ्या समोर ओढली. त्याला मी असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. पुढे वाकून, दोन्ही कोपर मांडीवर.

"मंग आयक," तो म्हणाला. "पयली दोन सालं आमची. तुझ्याकडे लय वर्सं होत्या."

"दोन? एक साल तिकडे, एक साल इकडे. सरळ हिशोब."

"सरळ कायचा? मी थोरला आहो."

"तूच तर दिल्या होत्या, घेऊन जा म्हणून. तेव्हा थोरला नव्हता का?"

"तेव्हा तू मांगत होता," दादा म्हणाला. "लहानपनापासून तू काही मांगतलं अन् मी ना म्हटलं का तुले? आता मी मांगून राहिलो. दोन सालं."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो मागे हटत नव्हता. त्याचं नाक फुगलं होतं, अगदी माझ्यासारखं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याशी भाव करत होता, आणि मला आतून इतकं बरं वाटत होतं की ते तोंडावर दिसू नये म्हणून मी कपाळाला आठ्या घातल्या.

"दीड," मी म्हटलं.

"दीड साल कसं होईन बावा? महालक्ष्मी काय ढेप आहे?"

आतून वहिनींनी विचारलं, चहा टाकू का. दादा म्हणाला, टाक, याले येळ लागन.